जळलं एक, चुकलं दुसरंच

(दहावी १९९६ च्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मनोगतासाठी मला दहा मिनिटं दिली आहेत. पंधरा लागतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. सकाळपासून सगळ्यांनी शाळेच्या आठवणी सांगितल्या, छड्यांच्या, डब्यांच्या, वैनगंगेवरच्या सहलीच्या. मी सांगणार आहे ती आठवण एका मशीनची आहे. आत्ता माझा आवाज तुम्हाला ज्यातून ऐकू येतोय तो अ‍ॅम्प्लिफायर तुमच्यापैकी काहींनी सकाळीच ओळखला. राखाडी पत्र्याची पेटी, पुढे काळी बटणं आणि त्यातल्या एकाचं टोपण गायब. हो, तोच. जानेवारी १९९६ च्या गॅदरिंगला तिसऱ्या अंकात धूर सोडून बंद पडला होता तोच.

ती रात्र सगळ्यांना आठवते. नाटक ऐन रंगात आलं होतं. आधी खरखर झाली, मग मोठा "भुम्म" असा आवाज आला, जळका वास सुटला आणि सगळं शांत. मशीनजवळ कोण होतं तेही सगळ्यांना आठवतं. त्याला आपण तेव्हापासून "ऑपरेटर" म्हणतो. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय आणि माझ्याकडे डोळे वटारून बघतोय. त्याने आवाज फुल केला म्हणून मशीन जळलं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाबांना बोलावणं गेलं. ते राईस मिलमध्ये हमाली करायचे. नव्या मशीनसाठी त्यांनी तीनशे रुपये भरले. त्या काळी हमालाला तीनशे रुपये मिळवायला किती दिवस पाठीवर पोती घ्यावी लागत, ते आपल्या धानपट्टीतल्या लोकांना मी सांगायला नको.

ते मशीन त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं अडगळीच्या खोलीत जुन्या नकाशांखाली पडून होतं. या मेळाव्याच्या तयारीत खोली साफ करताना ते निघालं. भंगारात जाणार होतं, तेवढ्यात ऑपरेटर म्हणाला, "देऊन टाका मले. एकदा आतून पाहाचं हाये." दहावीनंतर तो नदीपलीकडे वडशाला एका दुरुस्तीवाल्याकडे कामाला लागला होता. आज त्याची स्वतःची साऊंड सर्व्हिस आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. मी पुण्याहून आले होते, दोन दिवस मोकळे होते. म्हटलं, मीही येते.

वडशाबद्दल इथे कुणाला नव्याने सांगायची गरज नाही, पण ही स्मरणिका आपली मुलंही वाचतील, म्हणून थोडं सांगते. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला, तरी सोयरिकीला आणि नाटकाला वैनगंगा कधी आडवी आली नाही. दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. मंडई असो, शंकरपट असो, गावात रात्री नाटक हवंच. ते उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं वडसा. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नव्हता.

या नाटकांचा सगळा प्राण आवाजात असतो. रात्री दोन वाजता थंडीत घोंगड्या पांघरून अख्खं गाव बसलेलं असतं आणि अशा वेळी मशीन बसलं तर तुम्ही काय करणार? मशीन बहुतेक वेळा जुळवलेलं असतं, त्याला ना कंपनीचं पुस्तक ना सर्किटचा नकाशा. त्यामुळे आपल्याकडचे दुरुस्तीवाले नकाशाशिवायच काम शिकले. जळलेला भाग कोणता, त्याची मूळ किंमत काय आणि तो का जळला, हे मशीनलाच विचारायचं. मी इंजिनिअरिंगची डिग्री घेतली, पण ही विद्या मला चार वर्षांत कुणी शिकवली नव्हती. ती ऑपरेटरच्या दुकानात दोन दिवसांत शिकले.

झाकण उघडल्यावर त्याने आधी मोठ्या कंडेन्सरच्या टोकांना बल्ब लावला. बंद मशीनमध्येही कंडेन्सर चार्ज धरून ठेवतात आणि जोरात झटका देतात. मी म्हटलं, "अरे, तीस वर्षं बंद आहे, चार्ज कुठून असणार?" तो म्हणाला, "नसन. पण सवय मोडाची नाई."

मग आम्ही बघितलं. मशीन दोन चॅनेलचं, डावं आणि उजवं. उजवी बाजू धूळ सोडली तर ठीक. डाव्या बाजूला बोर्डावर काजळी. एक रेझिस्टन्स कोळशासारखा काळा, त्यावर रंगाचा एक पट्टा शिल्लक नाही. एक अर्धवट भाजलेला. पांढऱ्या सिमेंटचे पाच वॅटचे जे दोन असतात, त्यातला एक मधोमध तडकलेला.

आपल्याला शाळेत रेझिस्टन्सचे रंग पाठ करायला लावले होते, आठवतं? काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन. अर्धवट भाजलेल्यावर मी मोठ्या आत्मविश्वासाने वाचलं, "तपकिरी, तपकिरी, तपकिरी. एकशेदहा ओहम." ऑपरेटर हसला. "दुकानात एकशेदहा मांगून पाह्य." खरंच, आपल्याकडे नेहमी मिळणाऱ्या किमती ठरलेल्या आहेत: दहा, बारा, पंधरा, अठरा, बावीस, सत्तावीस, तेहेतीस, एकोणचाळीस, सत्तेचाळीस, छप्पन्न, अडुसष्ट, ब्याऐंशी, आणि मग यांचीच दहापट, शंभरपट. यात अकरा नाही. उष्णतेने लाल रंग तपकिरी दिसायला लागतो. तो मूळचा लाल-लाल-तपकिरी, म्हणजे २२० ओहमचा होता. वाचलेली किंमत मालिकेत बसत नसेल तर समजायचं की रंग दगा देतोय. मात्र उलट खरं नाही. मालिकेत बसली म्हणून ती बरोबर असेलच असं नाही.

मग खात्री कशी करायची? तो म्हणाला, "जळलेला मेला, तो का सांगते? त्याच्या जोडीदाराले इचार." डाव्या चॅनेलचा जोडीदार उजव्या चॅनेलमध्ये त्याच जागी असतो. शिवाय प्रत्येक चॅनेलचे दोन अर्धे असतात. एक अर्धा आवाजाच्या लाटेचा वरचा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. दोन्हींची रचना आरशासारखी. म्हणजे या जागेवरचा रेझिस्टन्स मशीनमध्ये एकूण चार ठिकाणी सापडतो. एक भाऊ जळला तरी तीन साक्षीदार उरतात.

साक्षीदारही तपासून घ्यावे लागतात. कोळसा झालेल्याचा उजवीकडचा जोडीदार चांगला दिसत होता. पण ऑपरेटरने बोर्ड उलटा करून टाका बघितला. बाकी सगळे टाके मळकट आणि हा एकटा वेगळ्या चमकीचा, आजूबाजूला राळेचा डाग. "इथं कोणी तरी आधी हात घातला हाये. याचं आयकाचं नाई." मग खालच्या अर्ध्यातले दोघे मोजले, दोघांचं सारखं आलं, ते मान्य केलं. चौघेही गेले असते तर? तेव्हा काळा थर हळूच खरवडायचा, तुटलेल्या जागेपर्यंत एका टोकाकडून मोजायचं, मग दुसऱ्या टोकाकडून, आणि बेरीज करायची. अंदाज मिळतो. सिमेंटवाल्यांवर आकडा छापलेला असतोच, आमच्याकडे ०.३३ ओहम होता.

आता मुख्य गोष्ट. मी हे काळे झालेले भाग काढून नवे लावायला निघाले होते. कुणीही हेच करेल. जे जळलेलं दिसतं ते बदला, काम झालं. ऑपरेटरने हात धरला. "हे काऊन जळले, ते सांग आधी."

तो मागच्या बाजूला वळला, जिथे हीटसिंकवर मोठे पॉवर ट्रान्झिस्टर बसवलेले असतात. धातूची टोपी असलेले, टू-एन-३०५५ आणि त्याचा जोडीदार एमजे-२९५५. हा ३०५५ साठच्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने आणला आणि जगभरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पोचला. आमच्या मशीनमधले चकचकीत दिसत होते. डाग नाही, वास नाही. मीटर लावला तर डाव्या चॅनेलच्या वरच्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर आणि एमिटर यांत शून्य. उलट लावलं तरी शून्य. आतून पूर्ण शॉर्ट. चांगल्या ट्रान्झिस्टरमध्ये बेसपासून दोन्हीकडे मीटर अर्ध्या ते पाऊण व्होल्टच्या मधला आकडा दाखवतो, आणि कलेक्टर-एमिटरमध्ये काहीच दाखवत नाही.

म्हणजे क्रम असा होता. आधी हा चकचकीत साहेब शॉर्ट झाला. त्यातून बेसुमार करंट वाहिला. सहा अँपिअर जरी धरला, तरी ०.३३ ओहमच्या रेझिस्टन्समध्ये जवळजवळ १२ वॅट उष्णता तयार होते, आणि त्याला झेपतात पाच. तो तडकला. मागचा छोटा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर गेला, त्याच्या पायातला रेझिस्टन्स कोळसा झाला. जे काळे दिसत होते ते सगळे बळी होते. मी फक्त तेच बदलले असते तर बटण दाबल्याबरोबर नवेही जळले असते.

पण मग ट्रान्झिस्टर तरी का गेला? ऑपरेटर म्हणाला, "आवाज फुल केला असता, तर दोन्ही बाजू तापल्या असत्या. माईक एक, आवाजाचं बटण एक, दोन्ही चॅनेल त्यावरच. उजवा सहीसलामत हाये. म्हंजे डाव्या बाजूवर वजन जास्त होतं." मग त्याने फ्यूजचं टोपण फिरवून काढलं. आत फ्यूज नव्हताच, त्या जागी तांब्याच्या तारेचा वेढा होता. खरा फ्यूज असता तर तो पटकन उडाला असता आणि बरंच काही वाचलं असतं. ती तार कुणी, कधी लावली, कळायला मार्ग नाही. घाईच्या वेळी आपण सगळेच ती लावतो.

"डाव्या बाजूले का होतं त्या रात्री?" तो स्वतःशीच म्हणाला. "दोन कॉलम. आठ-आठ ओहमचे. दोन मिळून चार. मशीनवर पण चारच लिवलं हाये. मंग?"

मित्रांनो, त्या "मंग"चं उत्तर मला माहीत होतं. तीस वर्षं माहीत होतं.

गॅदरिंगला माझी आई आणि आजी मागे बायांमध्ये बसल्या होत्या. मागे ऐकू येत नाही अशी कुरकुर चालली होती. मी विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळवलेली मुलगी, सगळं येतं असा माझा समज. काकांच्या डेकचे दोन स्पीकर पोत्यात घालून आणले, मंडपाच्या कडेने वायर नेली आणि अंधारात मशीनच्या मागे जाऊन डाव्या टोकांना पिळून लावली. ऑपरेटर समोर नाटक बघत होता, त्याला पत्ताही नव्हता. मागे आवाज आला, आजी खूश झाली. मलाही खूप मोठं काही केल्यासारखं वाटलं.

तेही स्पीकर आठ-आठ ओहमचे. चार ओहमवर आणखी चार समांतर जोडले की उरतात दोन. डाव्या बाजूचं वजन मी दुप्पट केलं होतं. तास-दीड तास त्या ट्रान्झिस्टरने सहन केलं. गोंधळ झाला तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल? वायर ओढून घेतली आणि स्पीकर पोत्यात टाकले. तेही जळले होते. घरी सांगितलं, उंदरांनी वायर खाल्ली. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरचे बाबा ऑफिसबाहेर टोपी हातात घेऊन उभे होते. मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं आणि बाकावर येऊन बसले.

हे मी त्याला दुकानात सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. सोल्डर गरम होतं, ते बंद केलं. समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले. चहा संपल्यावर म्हणाला, "बाबा जाऊन आठ वर्षं झाली. त्यायले शेवटपर्यंत वाटे, पोरानंच जाळली मशीन." मी म्हटलं, "माझं चुकलं रे." तो म्हणाला, "मले सांगून का होते? सरायले सांग. सगळ्यायसमोर सांग."

म्हणून मी आज उभी आहे. सर, मॅडम, ते मशीन ऑपरेटरने जाळलं नव्हतं. ते माझ्यामुळे जळलं. त्याने आवाज फुल केला नव्हता, आणि याचा पुरावा मशीनच्या पोटात तीस वर्षं तसाच पडून होता. तुमचा कुणाचा दोष काढायचा नाही. धूर निघाला तिथे जो उभा दिसला, त्याच्याकडे बोट गेलं. माझं मात्र तसं नव्हतं. मला खरं माहीत होतं आणि मी गप्प राहिले.

मी रोज सॉफ्टवेअरमधले बिघाड शोधते. प्रोग्राम ज्या ओळीवर कोसळतो, चूक बहुतेक वेळा त्या ओळीत नसतेच, कुठे तरी आधी झालेली असते. नव्या मुलांना मी हे वर्षानुवर्षं शिकवत आले. स्वतःच्या बाबतीत मात्र कोसळलेल्या ओळीलाच दोषी ठरू दिलं.

आता दुरुस्तीचं राहिलेलं सांगते आणि थांबते.

ट्रान्झिस्टर दोन्ही बदलले, वरचा शॉर्ट आणि खालचा, तो मीटरवर चांगला दिसत असूनही. एवढा मार खाल्लेल्यावर भरवसा ठेवायचा नाही. बाजारात नकली माल फार, म्हणून ऑपरेटर आधी थिनरचा बोळा फिरवतो. छपाई सहज पुसली गेली तर तो भाग परत करतो. ड्रायव्हर, रेझिस्टन्स, जुने वाळलेले कंडेन्सर, सगळं नवं. फ्यूजच्या जागी खरा फ्यूज.

पहिल्यांदा चालू करताना थेट लाईट द्यायची नाही, सिरीज बोर्डावर १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावायचा. असे बल्ब त्याने दोन कापसात गुंडाळून ठेवलेत. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि मशीन वाचतं. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. आमचा पूर्ण पेटला. माझ्या पोटात गोळा आला. शोधलं तर ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधला अभ्रकाचा पातळ पापुद्रा एका कोपऱ्यात फाटला होता. तो बदलला. दुसऱ्यांदा बल्ब उजळला आणि हळूहळू मंद झाला. ते मंद होणं पाहताना आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

स्पीकर लावण्याआधी त्याच्या टोकांवर डीसी मोजला, १८ मिलिव्होल्ट. चालतं. तिथे बरेच व्होल्ट दिसले असते तर स्पीकरची कॉईल जळाली असती. शांत अवस्थेतला करंट ०.३३ ओहमवर मोजला, ८ मिलिव्होल्ट आले, म्हणजे साधारण २४ मिलिअँपिअर. दोन तास चालू ठेवलं. हीटसिंकला हात लावला तर कोमट. मग ऑपरेटरने माईक हातात घेतला आणि तीस वर्षांनी त्यात म्हणाला, "हॅलो, माईक टेस्टिंग."

आज मशीनच्या मागे डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन कॉलम आहेत. मी सकाळी जाऊन मोजून आले. मागे बसलेल्यांना ऐकू येत नसेल तर कृपया पुढे या, जास्तीचे स्पीकर मी जोडणार नाही.

ते तीनशे रुपये आजच्या हिशोबाने परत करायची माझी इच्छा होती. ऑपरेटरने घ्यायला नकार दिला. म्हणाला, शाळेच्या प्रयोगशाळेला मीटर घेऊन दे, पोरं मोजायला शिकतील. तीन मीटर, एक सोल्डर आणि सिरीज बोर्ड मी आज मुख्याध्यापकांकडे दिले आहेत. बोर्डावर लावायला जुना बल्ब ऑपरेटरने त्याच्या दोनातला एक दिला.

आणि एक विनंती आहे. त्याची आई आज आपल्यात आहे, पहिल्या रांगेत, मॅडमच्या शेजारी. काकू, तुमच्या मुलाने मशीन जाळलं नव्हतं. हे काकांना सांगायला मला उशीर झाला. तुम्हाला तरी आज सगळ्यांसमोर सांगते. मला माफ करा.